उशीखालचा फोन

माझं माहेर इंदूरचं, सासर बडोद्याचं. दोन वर्षांपूर्वी एका रात्री बाबांना हार्ट अटॅक आला. आईचे ११ मिस्ड कॉल होते आणि माझा फोन सायलेंटवर, स्वयंपाकघरात चार्जिंगला. सकाळी दूध तापवायला उठले तेव्हा कळलं. शेजारच्या काकांनी रात्रीच हॉस्पिटलात नेलं म्हणून बाबा वाचले. फोन का उचलला नाहीस, असं आईने आजवर विचारलेलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून फोन उशीखाली.

सासूबाईंना ते अजिबात पटेना. "अगं, रात्रभर डोक्याखाली किरणं घेऊन झोपतेस!" त्यांच्या भिशीच्या ग्रुपवर रोज एक नवा व्हिडिओ येई. एकात तर चार फोनच्या मध्ये ठेवलेले मक्याचे दाणे फटाफट फुटत होते. तो बनावट आहे हे सांगून झालं. मग त्यांनी हुकमाचा पत्ता काढला, "आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते ते?"

एका रविवारी दोघी मिळून बघायला बसलो. त्या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये मोबाइलच्या लहरी '२ बी' गटात टाकल्या, हे खरं. म्हणजे कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा तोकडा. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. सासूबाईंनी गॅलरीतल्या कुंडीकडे बघितलं. "मग ही टाकून देऊ?"

एक्स-रेसारखी पेशींतला डीएनए तोडण्याची ताकद या लहरींत नसते. त्यांनी शरीर किंचित तापतं, आणि त्यालाही मर्यादा घातलेली आहे. आपल्याकडे २०१२ पासून ती एका किलोमागे १.६ वॅट. फोनवर स्टार हॅश शून्य सात हॅश दाबलं की आपल्या फोनचा आकडा दिसतो. माझा मर्यादेच्या बराच आत निघाला. नुसता पडून असलेला फोन टॉवरशी अधूनमधूनच बोलतो, मात्र रेंज कमी असली की त्याला जोर लावावा लागतो. आमचं दांडिया बाजारातलं घर जुनं, भिंती जाड, आतल्या खोलीत रेंजची जेमतेम एक काडी. हा मुद्दा मी सासूबाईंना मुद्दाम सांगितला नाही.

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "किरणांचं राहू दे. तू रात्री चार-चार वेळा फोन बघतेस त्याचं काय? पाणी प्यायला उठते मी. दाराखालून उजेड दिसतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईचा कॉल येऊन गेला की काय, एवढंच मी बघत असे. बघितलं की तासभर झोप नाही.

त्याच आठवड्यात एका रात्री गालाला चटका बसल्यासारखं होऊन जाग आली. चार्जरला लावलेला फोन उशीखाली तसाच राहिला होता. वर कापूस, खाली गादी. उष्णता जाणार कुठून? उशीचा अभ्रा इस्त्री केल्यासारखा गरम झाला होता. किरणांवर एवढं वाचलं, आणि ही साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती. शेजारी आठ वर्षांची मुलगी झोपली होती.

दुसऱ्या दिवशी फोन पॅसेजमध्ये फ्रिजवर गेला. अंथरुणापासून पंधरा पावलं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की लहरींचा जोर चौथाईवर येतो, हे ऐकून सासूबाई खूश. रात्री 'डू नॉट डिस्टर्ब' चालू, त्यातून फक्त आई, बाबा आणि शेजारचे काका यांना वाट मोकळी. रिंग पूर्ण आवाजात. पहिल्या रात्री झोपण्याआधी आईला तीनदा कॉल करायला लावला. तिसऱ्या वेळी ती वैतागली.

तरी सुरुवातीचे काही दिवस कान फ्रिजकडेच असायचे.

तिसऱ्या आठवड्यात पहाटे ५.४० ला रिंग वाजली. पंधरा पावलं कशी गेले, आठवत नाही. बाबांचा नंबर.

"अगं, चुकून लागला. फिरायला निघालोय, खिशात दाबला गेला. झोपली होतीस?"

"हो," मी म्हटलं. खरंच झोपले होते, गाढ.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. "काय गं?"

"काही नाही. बाबा फिरायला निघालेत."

त्यांनी चहाचं आधण ठेवलं.