परक्याची साखळी

शेजारचे अण्णा मनगट मोडून घरी बसले, तेव्हा त्यांच्या वाघ्यास फिरावयास नेण्याचे काम आम्ही आपण होऊन पत्करले. मनगट वाघ्यानेच मोडले होते, हे आम्हांस मागाहून कळले.

पहिल्या दिवशी प्रभात रस्त्यावरून कमला नेहरू उद्यानापर्यंत आम्ही त्याला नेले, असे म्हणणे धाडसाचे होईल. कुत्र्याची सहज चालच माणसाहून द्रुत. त्यातून ओढले की पुढे जावयास मिळते, हा धडा त्यास रोज मिळालेला. गळपट्ट्याने घसा आवळतो म्हणून छातीवरचा पट्टा आणविला. जाणत्यांनी उपाय सांगितला तो असा, की साखळी ताणली की खांबासारखे उभे राहावे, सैल पडली की चालू लागावे. आम्ही उभे राहू लागलो. दहा मिनिटांच्या वाटेस पाऊण तास लागे. "कोणाची वाट पाहताय?" असे जाणारे-येणारे विचारीत, आणि आम्ही उगाच घड्याळाकडे पाहत असू. वाघ्यास त्याची लाज नव्हती.

महिन्याभराने साखळी सैल राहू लागली. ही वार्ता आम्ही मोठ्या ऐटीने अण्णांस दिली. झोळीतला हात सावरीत ते म्हणाले, "म्हणजे आता मुळीच ओढीत नाही?" आणि थोड्या वेळाने, "वहिनी गेल्यापासून मला घराबाहेर ओढणारा तो एकटाच होता हो."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर साखळी ताणली. थांबावयाचे, ते आम्ही चार पावले त्याच्यामागून गेलो.