शेवटचं पान आधी

अर्पणपत्रिका सहसा कुणी वाचत नाही. मी वाचते. परवा अगाथा ख्रिस्तीची ‘हॅलोवीन पार्टी’ हातात घेतली आणि खुनापर्यंत पोचायच्या आतच थबकले. पुस्तक पी. जी. वुडहाऊसना अर्पण केलेलं आहे. त्यांच्या लेखनानं आपल्याला वर्षानुवर्षं आनंद दिला आणि आपली पुस्तकं आवडतात असं त्यांनी आपल्याला कळवलं, याचं समाधान बाईंनी दोन वाक्यांत नोंदवलं आहे. साल १९६९. बाई ७९ वर्षांच्या, वुडहाऊस ८८ वर्षांचे. एकीच्या पुस्तकात पहिल्या काही प्रकरणांतच प्रेत पडतं, दुसऱ्याच्या पुस्तकात सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे बक्षीसपात्र डुकरीण पळवणं. आणि ही दोघं एकमेकांची वाचक! मला फार बरं वाटलं.

‘हॅलोवीन पार्टी’ मात्र उतरत्या काळातली आहे. सुरुवात जबरदस्त. तेरा वर्षांची एक मुलगी सगळ्यांसमोर फुशारकी मारते की मी एकदा खून होताना पाहिलाय. कुणी विश्वास ठेवत नाही. पार्टी संपते तेव्हा सफरचंदं तरंगत ठेवलेल्या पाण्याच्या टबात तिला कुणीतरी बुडवून मारलेलं असतं. पुढे गुप्तहेर पॉयरो घरोघर जातो आणि त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकतो. कथा सैल पडते. पण मिसेस ऑलिव्हर ही सफरचंदांवर जीव असलेली लेखिका, त्या रात्रीनंतर तिला सफरचंद नजरेसमोरही नकोसं होतं. ते मात्र खरं वाटलं. मृत्यू माणसाच्या खाण्यापिण्यात असाच कुठेतरी शिरतो.

त्या अर्पणपत्रिकेनं मला कामाला लावलं. पावसाळाभर मी दोघांना आलटून पालटून वाचलं. वुडहाऊसचं ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ पुन्हा काढलं. गायीच्या आकाराचं चांदीचं दुधाचं भांडं आहे, ते चोरायचंय. एका भिडस्त माणसानं यजमानांबद्दल नको नको ते लिहून ठेवलेली वही हरवलीय. हवालदाराचं हेल्मेट पळवलं गेलंय. एका दांडगट पुढाऱ्याचं एक गुपित आहे, नुसता एक शब्द उच्चारला की तो गार पडतो. चोरी, लपवलेला पुरावा, धमकी, झडती आणि शेवटी सगळा गुंता सोडवणारा एक शांत डोक्याचा माणूस. ही गुन्हेकथाच आहे की! तो पुढारी काळ्या हाफपँटवाल्यांची संघटना चालवतो. इंग्लंडात ऑस्वल्ड मोस्लेचे फॅसिस्ट काळे शर्टवाले रस्त्यावर उतरले होते त्या काळात, १९३८ साली हे छापलं गेलंय. वुडहाऊस भाबडे होते, जगाशी त्यांना देणंघेणं नव्हतं, असं म्हणणाऱ्यांनी ही पानं एकदा डोळ्यांखालून घालावीत.

त्यांची लिहायची रीत मला मनापासून आवडते. टाइप केलेली पानं खोलीच्या भिंतीवर ओळीनं टाचायची. जे पान जमलंय ते वर, जे रेंगाळतंय ते खाली. मग दुरुस्ती करत करत खालची पानं वर चढवत न्यायची. कादंबरीआधी कथानकाच्या टिपणांचाच ढीग पडायचा. वाचताना सहज घरंगळत आल्यासारखं वाटणारं वाक्य त्या भिंतीवर किती दिवस खाली लटकलं असेल, या विचारानं मला त्या माणसाबद्दल अपार आदर वाटतो.

त्याच १९३८ साली डॅफ्ने द्यू मोरियेची ‘रिबेका’ आली. तीही पुन्हा वाचली. नवी नवरी, तिला पुस्तकभर नाव नाही. नवऱ्याच्या वाड्यात, मँडरलीत, मोठा फॅन्सी ड्रेस नाच आहे. करड्या चेहऱ्याची घरकारभारीण मिसेस डॅनव्हर्स तिला सुचवते, गॅलरीतल्या त्या पूर्वज बाईच्या तसबिरीसारखा पोशाख करा. ती पांढरा झगा शिवून घेते, नवऱ्यालाही कळू देत नाही. ढोलवाल्याला सांगून त्या पूर्वज बाईच्याच नावाची आरोळी देववते आणि टाळ्यांची वाट बघत, हसत, जिन्याच्या वरच्या पायरीवर येते. खाली एकही टाळी नाही. नवऱ्याचा चेहरा राखेसारखा. मेलेल्या पहिल्या बायकोनं शेवटच्या नाचाला हाच पोशाख केलेला असतो.

हा जिना जसाच्या तसा उचलून वुडहाऊसच्या ब्लँडिंग्ज कॅसलमध्ये नेऊन ठेवला तर? झगा तोच, ढोलवाला तोच, खालची माणसंही तशीच थिजलेली. हसून हसून पुरेवाट होईल. खाली उभ्या असलेल्यांना जे माहीत आहे ते वर उभ्या असलेलीला माहीत नाही, एवढ्यावर दोन्ही प्रसंग उभे आहेत. कुणाला काय, किती आणि केव्हा कळतं, हाच या दोन्ही लेखकांचा धंदा.

याच सुमारास रिचर्ड ऑस्मनचं ‘द थर्सडे मर्डर क्लब’ वाचलं, २०२० सालचं. वृद्धांच्या वसाहतीत दर गुरुवारी जिगसॉ कोड्यांच्या खोलीत जमून जुन्या, न उलगडलेल्या खुनांचा शोध घेणारी चार म्हातारी माणसं. रहस्य म्हणाल तर बेताचं. शेवटाकडे एवढे उलगडे एकावर एक येतात की कुठलाच नीट भिडत नाही. पण जॉयस! निवृत्त नर्स. रोजनिशी लिहिते. केकपासून काळजाच्या दुखण्यापर्यंत सगळं एकाच सुरात लिहिते आणि समोरचा माणूस काय लपवतोय ते तिला त्याच्या आधी कळलेलं असतं. जॉयसची पानं वाचताना मला सारखी माझी ताईमावशी दिसत होती.

ताईमावशी मिरजेत एका दवाखान्यात नर्स होती. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे आमच्या नात्यातली निम्मी आजारपणं तिच्याकडेच यायची. लक्ष्मी मार्केटजवळ एक खासगी वाचनालय होतं, बोळकांडीएवढं. तिथल्या रहस्यकथा तीन-तीन एकत्र शिवून वर रेक्झिन चढवलेल्या असत. बाइंडरनं शिवण इतकी आत मारलेली असायची की प्रत्येक ओळीचं एक टोक शिवणीत गेलेलं. दोन्ही अंगठ्यांनी पुस्तक ताणून धरलं तरच ‘पिस्तु’च्या पुढचं ‘ल’ दिसायचं. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू माझ्या ओळखीचे झाले ते असे अंगठे दुखवून. मावशी ड्यूटीला जाताना पिशवीत डबा, शाल आणि त्यातलं एक पुस्तक टाकायची.

आणि शेवटचं प्रकरण आधी वाचायची. 

घरात यावरून तिची यथेच्छ निंदा व्हायची. माझे वडील म्हणायचे, अशानं पैसे वाया. मला तर ते पाप वाटायचं. एकदा मी तिला विचारलंच.

“मावशी, आधीच कळलं तर मग वाचतेस कशाला?”

“अगं, तिकडं घंटा वाजली की मला उठायचं असतंय,” ती म्हणाली. “कुणी मारलंय ते आधी बघून ठेवलं की जीव अडकत नाही. मग निवांत वाचते, तो लबाड कसकसा वागतोय ते.”

वॉर्डात रात्री एखाद्याचं सलाईन संपतं, एखाद्याला धाप लागते. त्या वेळी खुनी कोण हा प्रश्न डोक्यात घेऊन उठणं तिला परवडणारं नव्हतं. पण तिच्या बोलण्यातला दुसरा भाग मला फार उशिरा उमगला. रहस्यकथा वाचताना ती हसायची. ओठांतल्या ओठांत नव्हे, चांगली खुदकन. भल्या गृहस्थाचा आव आणून खुनी विधवेचं सांत्वन करायला आला की म्हणायची, “आला बघा शहाणा!” आम्ही कानांवर हात ठेवायचो. पण तिनं कधीही नाव सांगितलं नाही. मी लाडीगोडी लावून पाहिली, रुसून पाहिलं. ‘शहाणा’ म्हणजे कोण ते आपलं आपण शोधायचं. लंडनमध्ये १९५२ पासून ख्रिस्तीबाईंचं ‘द माउसट्रॅप’ चालू आहे, तिथे प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना विनंती करतात की शेवट बाहेर सांगू नका. मावशीला अशी विनंती करायची गरज कधी पडली नसती.

तिला सवयच होती. डॉक्टर राउंड घेऊन गेले की कुणाचं काय खरं आहे ते तिला कळलेलं असायचं. पेशंटला नाही, पुष्कळदा नातेवाइकांनाही नाही. मी एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला वॉर्डात गेले होते. खिडकीजवळच्या खाटेवर एक आजोबा. ती त्यांची उशी सारखी करत विचारत होती, “मग, दिवाळीला नातू येणार का तुमचा?” आजोबा नातवाबद्दल खूप वेळ बोलले. शाळा, मार्क, सायकल. ती उभी राहून सगळं ऐकत होती, मधेमधे विचारत होती. बाहेर आल्यावर केसपेपर जागेवर ठेवताना मला म्हणाली, “तू जा आता घरी, अंधार पडेल.” तेवढंच. ते आजोबा दिवाळीपर्यंत राहिले नाहीत.

निवृत्त झाल्यावर तिचे डोळे अधू झाले तेव्हा मी तिला इंग्रजी पुस्तकांतल्या गोष्टी मराठीत सांगायची. वुडहाऊसच्या ‘राइट हो, जीव्ज’मधला गसी फिंक-नॉटल तिचा लाडका. १९३४ सालची कादंबरी. पाणसरडे पाळणारा, लाजाळू, संत्र्याच्या रसाशिवाय कशाला न शिवणारा हा प्राणी. त्याला शाळेत बक्षिसं वाटायची आहेत आणि भाषण करायचंय. धीर यावा म्हणून त्याचा मित्र बर्टी गुपचूप त्या रसात जिन ओततो. बर्टीचा नोकर जीव्ज, त्यानंही ती ओतलेली असते. आणि गसीनं स्वतः रस पिण्याआधी व्हिस्की घेतलेली असते! एवढं सांगून मी म्हणाले, “आणि मग तो व्यासपीठावर चढला...” मावशी हसायला लागली. भाषण अजून सुरूही झालं नव्हतं. डोळे पुसत म्हणाली, “थांब थांब, त्याला खुर्चीत नीट बसू दे.” पुढे तो एका मुलावर कॉपीचा आरोप करतो, सगळी सभा उधळतो, ते तिनं ऐकलं, पण तिचं खरं हसणं तो पायऱ्या चढत असतानाच झालं होतं.

‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ मी यंदा मावशीच्या पद्धतीनं वाचली. शेवट ठाऊक होता, तरीही नव्यानं. १९२६ चं हे पुस्तक दुसऱ्या वाचनात रहस्यकथा राहतच नाही. पहिल्या वेळी सरळसाधी वाटलेली वाक्यं आता दोन-दोन अर्थ घेऊन समोर येतात. पॉयरो खेड्यात निवृत्त होऊन भोपळ्याच्या जातीची भाजी पिकवतोय. डॉक्टरांची बहीण कॅरोलाइन घरबसल्या अख्ख्या गावाची बित्तंबातमी गोळा करतेय. खुनी सगळ्यांमध्ये वावरतोय. त्याची सभ्यता, त्याची काळजीपूर्वक निवडलेली शब्दरचना, सगळं बघून मी खुदकन हसले. खुनी कोण ते इथे लिहिणार नाही. ज्यांनी वाचलं नाही त्यांचा तो हक्क आहे. पण हे नक्की सांगते की ख्रिस्तीबाईंची चांगली कादंबरी दुसऱ्या वाचनात विनोदी कादंबरी होते आणि हीच तिच्या चांगलेपणाची परीक्षा. ‘हॅलोवीन पार्टी’ या परीक्षेत नापास. ‘रिबेका’ पहिल्या वर्गात पास, पण दुसऱ्या वाचनात तिच्यातलं हसू घशात अडकतं.

आपल्याकडे रहस्यकथा आणि विनोद या दोन घराण्यांत सोयरीक झाली नाही याचं मला वाईट वाटतं. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, गोव्याच्या गुरुनाथ नाईकांनीही तशीच रास घातली. वेग दोघांकडे अफाट, पण वाक्य भिंतीवर टाचून ठेवायची उसंत त्या वेगात नव्हती. विनोदाकडे भाषा होती. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ अजूनही ताजे आहेत. पण ते भेटतात प्रसंगाप्रसंगानं, सुट्या गोष्टींतून. विनोदी कादंबरी म्हणून सलग असं काय? ‘कोसला’ला कुणी विनोदी म्हणत नाही, मी म्हणते, निदान पूर्वार्धाला तरी. श्याम मनोहरांची ‘हे ईश्वरराव... हे पुरुषोत्तमराव’ आहे. पुढे नावं आठवावी लागतात.

घट्ट विणलेलं विनोदी कथानक मराठीत रंगभूमीवर गेलं. बबन प्रभूंच्या फार्समध्ये एक दार उघडतं तेव्हा दुसऱ्या दारामागे कोण आहे ते फक्त आपल्याला ठाऊक असतं. तो हिशेब वुडहाऊसच्या भिंतीवरच्या पानांइतकाच चोख आहे. आणि मराठीत अगाथा ख्रिस्तीचे अनुवाद केले कुणी? मधुकर तोरडमलांनी. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ लिहून प्रोफेसर बारटक्के उभा करणाऱ्यानं! मला यात योगायोग दिसत नाही. टाळी कुठल्या क्षणी पडेल हे ज्याला अचूक कळतं त्याला संशय कुठे पेरायचा तेही कळतं.

तेव्हा नव्या लेखकांना माझी विनंती आहे, मराठीत एक सलग विनोदी कादंबरी लिहा, आणि तिचं कथानक रहस्यकथेच्या काटेकोरपणानं रचा. वाचकांनी मात्र थांबू नये. ‘रॉजर ॲक्रॉइड’ वाचली नसेल तर कुणालाही काही न विचारता आजच मिळवा. वाचलेली असेल तर पुन्हा काढा, आणि या वेळी खुन्यावर नजर ठेवून वाचा.