टेबलाखालचा स्विच आणि कोटेशनवरची सही

"शाळेतला नेटवर्क स्विच हा चळवळीचा विषय कधीपासून झाला?" हा प्रश्न आम्हाला आमच्याच लोकांनी बैठकीत विचारला आहे, आणि त्यावर हशाही पिकला आहे. आमचे उत्तर सरळ आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. वीज कोणाच्या मालकीची असावी, ती स्वस्त आणि मुबलक कशी मिळेल, हे प्रश्न त्यांनी स्वतः मांडले. हा इंजिनिअर लोकांचा विषय आहे, आपला नाही, असे म्हणून ते बाजूला झाले नाहीत. मग आपण कशाला व्हायचे?

आज आपल्या वस्त्यांमधली किती पोरे नेटवर्किंगच्या धंद्यात आहेत ते मोजून पाहा. शिडीवर चढून केबल ओढणारी, फॉल्स सीलिंगमध्ये अर्धे अंग घालून पाइप सरकवणारी, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा हा रंगक्रम झोपेतही सांगणारी पोरे आपली आहेत. कोटेशन मात्र दुसराच लिहितो. पासवर्ड तिसऱ्याच्या खिशात असतो. आणि ज्या मुख्याध्यापकांची त्यावर सही असते त्यांना त्यातला एकही शब्द समजावून सांगितलेला नसतो. हात आपले आणि निर्णय परक्याचा, ही वाटणी आपल्याला नवी आहे काय?

आम्ही पाच-सहा जण नोकऱ्या सांभाळून रविवारी शाळा, वसतिगृहे आणि अभ्यासिकांची नेटवर्क बघतो. त्या अनुभवावरून हे लिहीत आहोत.

आधी स्विच म्हणजे काय ते स्पष्ट करू, कारण अनेक ठिकाणी त्याला अजूनही 'हब' म्हणतात. हब वेगळा होता. एका संगणकाने काही पाठवले की तो ते सगळ्याच पोर्टांतून बाहेर टाकायचा. ज्याचे असेल त्याने उचलावे. स्विच वही ठेवतो. कोणत्या पोर्टवर कोणता मॅक पत्ता बोलला याची नोंद तो आपोआप करतो आणि पुढच्या वेळी निरोप नेमका त्याच पोर्टवर देतो. पत्ता माहीत नसेल किंवा निरोपच सर्वांसाठी असेल तर मात्र तोही सगळीकडे पाठवतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

अनेक पोर्टांचा पहिला इथरनेट स्विच १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या 'कल्पना' नावाच्या कंपनीने बाजारात आणला. त्याला सात पोर्ट होते. कंपनीचे एक संस्थापक विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे, आणि कंपनीला नाव दिले ते त्यांच्या पत्नीचे. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. त्याच सिस्कोवर ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने जातीय भेदभावाचा दावा दाखल केला. एका दलित इंजिनिअरला त्याच्या भारतीय सवर्ण वरिष्ठांनी जातीवरून डावलले, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. २०२३ मध्ये खात्याने दोन वरिष्ठांवरचा दावा मागे घेतला, कंपनीवरचा चालू ठेवला. तंत्रज्ञान आले की जात आपोआप जाते असे जे आपल्याला ऐकवतात त्यांनी हे प्रकरण वाचावे. म्हणून सिस्कोचा स्विच घेऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. यंत्र बनवणाऱ्या खोलीतही आपण असलो पाहिजे, एवढेच म्हणतो.

आता खरा मुद्दा. तालुक्याच्या गावातली एक शाळा, कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले. मुख्याध्यापिका मॅडमनी आमच्यापुढे कोटेशन ठेवले: ४८ पोर्टांचे दोन स्विच, दोन्ही लेअर थ्री, दोन्ही पूर्ण पीओई. आम्ही विचारले, "मॅडम, शाळेत किती वायरी लागणार ते कोणी मोजले का?" त्या म्हणाल्या, "ते आले, लॅब बघितली, चहा घेतला आणि गेले." आम्ही वही काढली आणि वर्गावर्गात फिरलो.

लॅबमध्ये ३० विद्यार्थ्यांचे संगणक, एक शिक्षकाचा, एक प्रिंटर. त्याच खोलीत धड्यांचे व्हिडिओ ठेवलेला सर्व्हर आणि कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग करणारी पेटी. झाले ३४. ऑफिस आणि स्टाफरूम मिळून ७. कॅमेरे ७ आणि वायफायचे ॲक्सेस पॉइंट ३. एकूण ५१. त्यातल्या फक्त दहा उपकरणांना केबलमधून वीज लागते. मग ९६ पोर्टांवर पीओईचे पैसे कशासाठी?

पीओईत पोर्टांपेक्षा वॉट मोजायचे असतात, आणि नेमके तेच कोटेशनमध्ये नसते. २००३ च्या मानकाप्रमाणे स्विच एका पोर्टवर १५.४ वॉट देतो, २००९ च्या मानकाप्रमाणे ३० वॉट. पण सगळ्या पोर्टांना मिळून तो किती देऊ शकतो, हा आकडा वेगळा असतो. त्याला पीओई बजेट म्हणतात. १६ पोर्टांचा आहे म्हणून सोळाही पोर्टांवर ३० वॉट मिळतील असे नाही. आमच्या समोरचे कॅमेरे लेबलवर ८ वॉट सांगत होते, ॲक्सेस पॉइंट १३. सात कॅमेऱ्यांचे ५६, तीन ॲक्सेस पॉइंटचे ३९, मिळून ९५. रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात तेव्हा ओढ वाढते, म्हणून लेबलवरचा कमाल आकडाच धरायचा आणि वर पाव भाग मोकळा ठेवायचा. म्हणजे १२० वॉट बजेटचा १६ पोर्टांचा एक पीओई स्विच. संपला हिशोब.

लॅबसाठी ४८ चा एक घेण्याऐवजी आम्ही २४ चे दोन सुचवले. एक जळाला तर अर्धी लॅब तरी चालते, आणि ग्रामीण भागात नवा स्विच येईपर्यंत परीक्षा थांबत नाही. ते गिगाबिटच हवेत. यावर एका शिक्षकांनी चांगली हरकत घेतली: "आपले इंटरनेटच १०० एमबीपीएसचे आहे, मग हजारचा स्विच कशाला?" इंटरनेटपुरते त्यांचे बरोबर होते. पण सर्व्हर खोलीतच आहे. ३० मुलांनी ५ एमबीपीएसचा व्हिडिओ एकाच वेळी लावला की १५० होतात, आणि ते सगळे सर्व्हरच्या एका पोर्टमधून जातात. तो पोर्ट १०० चा असेल तर तिथेच गाडी अडते.

लेअर थ्री मात्र या शाळेला नको. मोठ्या कॅम्पसमध्ये, जिथे डझनभर विभागांची वाहतूक स्विचनेच वळवायची असते, तिथे त्याचा उपयोग आहे. इथे ते काम राउटर करतो. पण अगदी साधा अनमॅनेज्ड स्विचही नको. 'स्मार्ट' किंवा 'वेब मॅनेज्ड' म्हणून जी मधली जात मिळते (जात हा शब्द इथे चालवून घ्या) ती पुरे. कारण दोन गोष्टी लागतातच.

पहिली व्हीलॅन. ऑफिसच्या संगणकावर काय असते? मुलांचे जातीचे दाखले, आधार क्रमांक, बँक खाती, आईवडिलांचे उत्पन्न. लॅबमधली मुले, पाहुण्यांचे वायफाय आणि हा संगणक एकाच नेटवर्कवर असतील तर आपल्या लेकरांची कागदपत्रे उघड्या ओसरीवर ठेवल्यासारखी आहेत. कोणाच्या जातीचा दाखला कोणाच्या मोबाइलवर पोचला तर वर्गात काय होते, हे आपल्याला सांगायला नको. व्हीलॅनने एकाच स्विचमध्ये वेगळ्या भिंती घालता येतात: ऑफिस एक, लॅब दुसरी, कॅमेरे तिसरी, वायफाय चौथी. राउटरलाही व्हीलॅन समजला पाहिजे आणि त्यावर एकीकडून दुसरीकडे जाण्याचे नियम घातले पाहिजेत, नाहीतर भिंती कागदावरच राहतात. व्हेंडर मॅनेज्ड स्विच विकतो, त्याचे पैसे घेतो आणि सगळे पोर्ट एकाच व्हीलॅनवर सोडून जातो. हे आम्ही एकदा नव्हे, वारंवार पाहिले आहे.

दुसरी गोष्ट लूप. दुसऱ्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीचे फॉर्म भरण्याच्या शेवटच्या आठवड्यात लॅब बंद पडली. मुले बाहेर सायबर कॅफेत रांगेत उभी, खिशातले पैसे मोजत. इंटरनेट कंपनी म्हणाली, लाइन ठीक आहे. व्हेंडरचा फोन उचलला जात नव्हता. आम्ही गेलो तर स्विचवरचे सगळे दिवे एकाच तालात लुकलुकत होते. हे पाहिले की समजायचे. अकरावीतली एक मुलगी टॉर्च धरून उभी होती. आम्ही एकेक केबल काढत गेलो. एक काढल्याबरोबर दिवे शांत झाले. ती केबल शिक्षकाच्या टेबलाखालच्या पाच पोर्टांच्या छोट्या डबीकडे जात होती, आणि त्या डबीत कोणीतरी एकाच वायरीची दोन्ही टोके खोचली होती. सर्वांसाठीचा निरोप तिथून फिरून परत, परत फिरून पुन्हा, असा वाढत वाढत सगळी लॅब खाऊन बसला होता. हा प्रकार रोखायची युक्ती रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्येच शोधली आहे, स्पॅनिंग ट्री नावाची. ती आणि लूप प्रोटेक्शन चालू असते तर तेवढा एकच पोर्ट बंद झाला असता. सोय स्विचमध्ये होती. चालू करायला मेनूत जावे लागते आणि पासवर्ड कॉलेजकडे नव्हता. ज्याच्या फॉर्मची मुदत टळते त्याचे वर्ष जाते, आणि ते एका टिकमार्कसाठी जावे?

आता पैसे कुठे घालायचे ते सांगतो. स्विचमध्ये वाचवा, केबलमध्ये वाचवू नका. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास मिळते. चाकूने तार खरवडून पाहा. आत पांढरी निघाली तर खोके परत करा. तिचा रोध जास्त, पीओईवर ती तापते, वाकवली की तुटते. शुद्ध तांब्याची कॅट ६ घ्या आणि एक टप्पा १०० मीटरच्या आत ठेवा. दोन इमारतींच्या मध्ये उघडे आकाश असेल तर तांबे नकोच. वीज कडाडली की ती तांब्यावरून येऊन दोन्हीकडचे स्विच घेऊन जाते. फायबर काचेचे असते, त्यातून वीज वाहत नाही. वरच्या शाळेत ऑफिस वेगळ्या इमारतीत होते, म्हणून तिथे फायबरची जागा असलेला आठ पोर्टांचा छोटा स्विच लावला. अर्थिंग तपासून घ्या, यूपीएस लावा, आणि रॅक पावसाळ्यात गळणाऱ्या भिंतीवर ठोकू नका. वर्गातच ठेवायचा असेल तर बिनपंख्याचा स्विच बघा, शिकवणे ऐकू येते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला कंपन्यांनी काढून टाकलेले जुने मोठे स्विच स्वस्तात मिळतात. आमच्यात यावर दोन मते आहेत. काही म्हणतात, लोखंड मजबूत आहे, घ्या. काहींचे म्हणणे असे की त्यांचे पंखे गिरणीसारखे ओरडतात, वीज खातात आणि सॉफ्टवेअरची दुरुस्ती येणे बंद झालेले असते. आमच्या मते ते शिकण्यासाठी उत्तम. अभ्यासिकेत एक ठेवा, पोरांना उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून पाहू द्या. ऑफिसच्या कागदपत्रांसाठी नको.

ज्यांचे छोटे व्यवसाय आहेत, झेरॉक्सचे दुकान, छापखाना, सेवा केंद्र, त्यांनी हे सगळे वाचून घाबरू नये. चार संगणक, एक प्रिंटर असेल तर आठ पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच पुरतो. पाचचा घेऊ नका. पाच उपकरणे आणि राउटरची एक वायर मिळून सहा होतात. फक्त ग्राहकांचे वायफाय राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर ठेवा. आणि "आता सगळे वायफायवर चालते, स्विच कशाला" म्हणणाऱ्याला छतावरचा ॲक्सेस पॉइंट दाखवा. त्याची वायर जाते कुठे, ते विचारा.

त्या शाळेच्या मॅडमनी आमचा हिशोब व्हेंडरसमोर ठेवला. तो म्हणाला, "तुम्हाला हे कोणी सांगितले?" मॅडम म्हणाल्या, "माजी विद्यार्थ्यांनी." नवे कोटेशन आठ दिवसांनी आले, बरेच उतरलेले. आम्ही त्यावर तीन अटी हाताने लिहून घेतल्या. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी शाळेसमोर बदलायचा आणि नवा लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात ठेवायचा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना सारखाच क्रमांक चिकटवायचा. आणि सेटिंगची फाइल पेनड्राइव्हवर शाळेला द्यायची, त्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. दुसऱ्या अटीवर तो सर्वात जास्त कुरकुरला. शेवटी लेबले बारावीच्या मुलींनी लावली, कोणता पोर्ट कोणत्या भिंतीत जातो त्याचा नकाशा काढला आणि रॅकच्या दाराला आतून डकवला.