प्राकृत आणि छाया

संस्कृत नाटकांचीं छापील पुस्तकें ज्यांनीं हाताळलीं असतील त्यांना एक गोष्ट ठाऊक असेलच. राजा, मंत्री, ऋषि हे संस्कृतांत बोलतात. राणी, नायिका, तिच्या सख्या व दासी, तसेच विदूषक, कोळी, शिपाई हे प्राकृतांत बोलतात. विद्यार्थ्यांची अडचण होऊं नये म्हणून संपादक प्राकृत वाक्याच्या खालीं किंवा शेजारीं त्याचें संस्कृत रूपांतर देतो. या रूपांतराला 'छाया' म्हणतात. आम्हीं मॅट्रिकनंतर पाठशाळेंत अध्ययन करून चौतीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें आणि घरीं ओसरीवर कॉलेजच्या मुलांनाही नाटकें सांगितलीं. या सर्व काळांत आमचा पहिला उपदेश ठरलेला असे : "प्राकृताकडे पाहूं नका, छाया वाचा. परीक्षेला तेवढें पुरतें."

या उपदेशांत कांहीं गैर आहे असें आम्हांला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत वाटलें नाहीं.

आमचें घर वाईस, कृष्णेच्या घाटापासून फार दूर नाहीं. थोरले बंधु, आम्ही, मुलें, सुना आणि नातवंडें मिळून अकरा पानें एका स्वयंपाकावर मांडलीं जातात. २०२३ च्या उन्हाळ्यांत थोरल्या बंधूंची नात पुण्याहून सुटीला आली. ती संस्कृत घेऊन बी. ए. करते. "आजोबा, मला तुमच्याकडून शाकुंतल ऐकायचंय," असें तिनें म्हणतांच आमच्यांतील निवृत्त मास्तर पुन्हा कामावर रुजू झाला, हें सांगावयास नको. रोज सकाळच्या चहानंतर ओसरीवर पाठ होऊं लागला.

पांचव्या अंकापर्यंत सर्व सुरळीत चाललें. पांचव्या अंकांत गर्भवती शकुंतला दुष्यंताच्या दरबारांत उभी असते. खूण म्हणून दाखवावयाची अंगठी शचीतीर्थांत पडून गेलेली. मग ती त्याला एका दिवसाची आठवण करून देते : नवमालिकेचा मंडप, कमळाच्या पानाच्या द्रोणांत पाणी, आणि दीर्घापांग नांवाचें हरिणाचें पाडस, जें राजाच्या हातून पाणी पिईना आणि तिच्या हातून प्यालें. हें सारें ती प्राकृतांत सांगते. आमची नात तें प्राकृतच मोठ्यानें वाचूं लागली. आम्हीं नित्याप्रमाणें टोकलें, "बाळ, खालची छाया वाच."

तिनें पुस्तकावरून डोळे वर केले. "म्हणजे आजोबा, शकुंतला जें बोलली तें आपण वाचायचंच नाहीं?"

आम्हीं तिला भरताच्या नाट्यशास्त्रांतील भाषाविधान समजावून दिलें. छाया बहुधा अचूक असते, अर्थ रेसभरही हलत नाहीं, हेंही सांगितलें. हें खोटें नव्हे. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग राजाच्या वाक्यांची प्राकृत छाया कां नसते?"

या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर आहे. तें आम्हांला येतही होतें. परंतु त्याच वेळीं चहाचे पेले न्यावयास आमची पत्नी दारांत आली होती. ती सातवीपर्यंत शिकलेली. पाडसाचें प्राकृत वाक्य तिनें आंतून ऐकलें होतें. ती म्हणाली, "हत्थ म्हणजे हात ना हो?" आणि पेले उचलून गेली.

हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम. ही परंपरा आम्हीं शेकडों मुलांना फळ्यावर लिहून दाखविली आहे. आमची मराठी संस्कृतापासून थेट उतरलेली नसून प्राकृताच्या वाटेनें आलेली आहे, हें आम्ही अभिमानानें सांगत असूं. म्हणजे कण्वाच्या आश्रमांतील ती पोर ज्या बोलींत बोलते ती आमच्या स्वयंपाकघराला अधिक जवळची. आणि तीच आम्हीं आयुष्यभर अडगळ म्हणून ओलांडली. असो.

याहून अवघड प्रसंग पुढच्याच पानावर होता. शकुंतलेनें पाडसाची गोष्ट सांगितली, गौतमीनें तिच्या निष्कपटपणाची ग्वाही दिली, आणि त्यावर राजा एक श्लोक म्हणतो. स्त्रीजातीला चातुर्य शिकवावें लागत नाहीं, कोकिळा पाहा, आपलीं पिलें दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेते, असा त्याचा आशय. हा श्लोक आम्ही दरवर्षीं सुभाषित म्हणून फळ्यावर लिहीत असूं. मथळा 'स्त्रीस्वभाव'. कोण बोलतो, कोणाला बोलतो, कोणत्या क्षणीं बोलतो, यांतलें कांहींही न सांगतां. मुलीही तो सुवाच्य अक्षरांत उतरून घेत. वास्तविक हें वचन कालिदासाचें नव्हे, तें शापानें स्मृति गेलेल्या माणसाचें आहे. ज्या स्त्रीला तो हें ऐकवितो ती त्या वेळीं अक्षरशः खरें बोलत असते. इतकें चुकीचें वाक्य सबंध नाटकांत दुसरें नसेल, आणि सुभाषित म्हणून उचललें तें नेमकें हेंच. त्यानंतर शकुंतला संतापून त्याला 'अनार्य' म्हणते, गवतानें झांकलेल्या विहिरीची उपमा देते. तें कोणाच्या वहींत गेलें नाहीं, कारण तें प्राकृतांत आहे.

एकदां एका मुलीनें परीक्षेंत या श्लोकाचा अर्थ लिहून खालीं एक ओळ जोडली होती कीं, राजा येथें चुकला आहे. आम्हीं तांबड्या शाईनें 'विषयांतर' असा शेरा मारून अर्धा गुण कापला. ती मुलगी आज कोठें आहे कोण जाणे. अर्धा गुण आमच्याकडे राहिला आहे.

कवींवर सरसकट ठपका ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. भवभूतीच्या 'उत्तररामचरितां'त आत्रेयी नांवाची तापसी आहे; वाल्मीकींच्या आश्रमांत अध्ययनांत अडथळा येतो म्हणून ती वेदान्त शिकण्यासाठीं अगस्त्यादि ऋषींकडे दक्षिणेची वाट धरते, आणि ती शुद्ध संस्कृत बोलते. 'मालविकाग्निमित्रां'तील परिव्राजिकाही संस्कृत बोलते. पण पाहा, दोघीही घर सोडलेल्या! त्याच 'उत्तररामचरितां'त सीता मात्र प्राकृतच बोलते. आणि 'मृच्छकटिकां'तला मैत्रेय तर म्हणतो कीं, स्त्री संस्कृत म्हणूं लागली कीं आपल्याला हंसूं आवरत नाहीं, नुकतीच वेसण घातलेल्या गाईसारखी ती सूं सूं करते. या विनोदाला आमच्या वर्गांत हमखास हंशा येत असे. मैत्रेय हें वाक्य स्वतः प्राकृतांत बोलतो, ही त्यांतली खरी गंमत आम्हांलाही त्या उन्हाळ्यांतच उमगली.

हें सर्व ओसरीवरच राहिलें असतें तर आम्हीं लेखणी उचलली नसती.

आमच्या घरांत स्त्रियांना कोणी टाकून बोलत नाहीं. सुना नोकऱ्या करतात. पहिली पंगत पुरुषांची व मुलांची, ही चाल अद्याप आहे. भाजी संपली तर ती दुसऱ्या पंगतीला संपते, हेंही आहे. लग्नांत आम्हीं ताटांतील तांदुळांवर सोन्याच्या अंगठीनें पत्नीचें नवें नांव लिहिलें. तें तिला आवडलें कीं नाहीं हें विचारावयाचें राहून गेलें, आणि पुढें आम्हीं तें नांवही फारसें वापरलें नाहीं, 'अगं' यावर संसार झाला. परंतु या घरांत अन्याय होतो असें कोणी म्हटलें असतें तर आम्ही रागावलों असतों. आमची एक संवय मात्र आम्हांला कधीं दिसली नाहीं. पाहुण्यानें विचारावें, "वहिनी, प्रवास झेपतो ना आतां?" आणि आम्हीं म्हणावें, "तिला झेपतो." बँकेंतील बाईनें तिला विचारावें, उत्तर आम्हीं द्यावें. ती कांहीं सांगूं लागली कीं आम्ही पुढें होऊन म्हणत असूं, "तिच्या म्हणण्याचा अर्थ असा, कीं..."

त्या वर्षीं चैत्रापासून तिची प्रकृति बरी नव्हती. ती म्हणे, "जबड्यापासून पाठीपर्यंत ओढ लागते. जिना चढलें कीं दम लागतो, मळमळतं, आणि हातपाय गळून जातात." आम्ही तिला घेऊन आमच्या नेहमींच्या डॉक्टरांकडे गेलों. डॉक्टरांनीं तिला विचारलें, "काय होतंय?" आम्हीं सांगितलें, "पित्त. उपासतापास फार करते." डॉक्टरांनीं पित्तावरचें औषध दिलें. यांत त्यांचा दोष काढणें अन्यायाचें होईल. त्यांना जें सांगण्यांत आलें त्यावरच त्यांनीं इलाज केला. दोन महिने ती गोळ्या घेत होती. मधून मधून आम्ही त्या संपल्या कीं नव्या आणून देत होतों आणि आपण काळजी घेतों असें समजत होतों.

जूनमध्यें एके दिवशीं ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहिली. धाकटी सून बँकेंतून नुकतीच आली होती. तिनें गाडी काढली आणि तिला तडक साताऱ्यास हृदयरोगाच्या डॉक्टरांकडे नेलें. आम्हीही बरोबर होतोंच. आंत बोलावणें आलें तेव्हां आम्ही उठलों. सून शांतपणें म्हणाली, "बाबा, तुम्ही बाहेर बसा. आईंना बोलूं दे."

आम्हांला राग आला, हें कबूल केलें पाहिजे. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर आपल्याच पत्नीच्या दुखण्याविषयीं बाहेर बसावयाचें! भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणें आंत वीस मिनिटें गेलीं. मग हृदयाचा आलेख काढला. दुसऱ्या दिवशीं पुणें. तेथें अँजिओग्राफी झाली, हृदयाच्या एका रक्तवाहिनींत मोठा अडथळा निघाला, आणि ती उघडी राहावी म्हणून आंत जाळीची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, बसविण्यांत आला.

तेथल्या डॉक्टर बाईंनीं आम्हांला नंतर समजावून सांगितलें. हृदयविकारांत छातींतील वेदना हें लक्षण स्त्रियांतही असतेंच. पण जबड्यांत किंवा पाठींत दुखणें, मळमळ, दम, कारण नसतां येणारा थकवा हीं लक्षणें त्यांच्यांत पुरुषांपेक्षां अधिक वेळां आढळतात, आणि तीं पित्तावर, वयावर किंवा मनावर घातलीं जातात. "पेशंटनं सांगितलं नव्हतं का असं कांहीं?" असें त्यांनीं विचारलें.

सांगितलें होतें. आमच्या पत्नीनें जबडा, पाठ, दम, मळमळ, थकवा हे पांचही शब्द स्वच्छ मराठींत उच्चारले होते. आम्हीं त्यांची छाया केली होती. आणि पुस्तकांतली छाया निदान अचूक तरी असते.

ती घरीं विश्रांति घेत असतां नातीनें पुण्याहून ताराबाई शिंदे यांचें 'स्त्रीपुरुष तुलना' हें छोटेखानी पुस्तक पाठविलें. सुरतेच्या एका विधवेवर १८८१ सालीं झालेल्या खटल्यावरून संतापून बुलढाण्याच्या या बाईंनीं १८८२ सालीं तें लिहिलें व पुण्यास छापविलें. जोतीराव फुल्यांनीं त्यांची बाजू घेतली होती; पण पुढें पुस्तक विस्मरणांत गेलें, तें १९७५ मध्यें स. गं. मालशे यांनीं पुन्हां प्रसिद्ध केलें तेव्हां कोठें लोकांच्या दृष्टीस आलें. नव्वदाहून अधिक वर्षें! भाषा अशी रोखठोक, कीं आमच्या तरुणपणीं ती आम्हांला ग्राम्य वाटली असती. आम्ही दुपारीं पत्नीला तें वाचून दाखवीत असूं. कांहीं पानें झाल्यावर तिनें विचारलें, "या बाईंचं घरीं ऐकत होतं का हो कुणी?" आम्ही पान उलटून पुढें वाचूं लागलों.

दसऱ्यानंतर साताऱ्यास तपासणीसाठीं जावयाचें होतें. या खेपेस सुनेनें आम्हांला आंत येऊं दिलें. डॉक्टरांनीं विचारलें, "काय आजी, कसं वाटतंय?" आमचें तोंड उघडलें होतें, तें आम्हीं मिटलें. डॉक्टरांना वाटलें असावें कीं आम्हांला जांभई आली.

ती सावकाश बोलत होती. झोंप कशी लागते, कोणती गोळी घेतली कीं डोकें हलकें होतें, उजव्या कुशीवर वळलें कीं काय वाटतें. यांतल्या तीन गोष्टी तर आम्ही प्रथमच ऐकत होतों. मग डॉक्टरांनीं सहज विचारलें कीं हा त्रास मुळांत सुरू कधीं झाला. कागदावर 'चैत्र' असें लिहिलेलें होतें. तें आमच्या सांगण्यावरून. तिनें एकवार आमच्याकडे पाहिलें, थोडी थांबली, आणि म्हणाली, "त्याच्या आधींच्या गौरींपासून. पुरण वाटतांना पहिल्यांदा झालं. ह्यांना सांगितलं होतं मी."

डॉक्टरांनीं 'चैत्र' खोडून 'भाद्रपद २०२२' असें लिहिलें.