जेद्दात नऊ बॉलचा खेळ

आपल्याकडून निघालेला माणूस जेद्दात सहसा थांबत नाही. विमान उतरले की बसने किंवा रेल्वेने मक्का मुकर्रमा, आणि परतीच्या दिवशी पुन्हा तेच विमानतळ. शहर मधल्या मध्ये राहून जाते. आम्ही मात्र जुलै 2025 मध्ये उमरा झाल्यावर मुद्दाम जेद्दात मुक्काम केला. कारण सांगितले तर काहींच्या भुवया उंचावतील : तिथे पूल या खेळाची जागतिक स्पर्धा होती.

हट्ट आमच्या धाकट्याचा. त्याची दहावी झालेली, अकरावीचे वर्ग सुरू व्हायला अवकाश होता. तो गावातल्या क्लबात पूल खेळतो हे दादीजानना पसंत नाही, आणि त्यांचे म्हणणे उगाच नाही. सिगारेटचा धूर, उशिरापर्यंतची बैठक आणि हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे ही पैज, हे सगळे तिथे चालते. खेळाच्या नावातच ती संगत आहे. पूल म्हणजे सगळ्यांनी मिळून जमवलेली पैजेची रक्कम. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावण्याची ठिकाणे असत, त्यांना पूलरूम म्हणत. दोन शर्यतींमधला वेळ जावा म्हणून तिथे बिलियर्डची टेबले मांडली गेली आणि जागेचे नाव खेळाला चिकटले. पण याच कुळातल्या बिलियर्डमध्ये पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली जगज्जेते झाले, हेही खरे. शेवटी घरात ठरले, मुलाला हा खेळ एकदा धुराशिवाय दाखवावा आणि मग काय ते बोलावे.

उमरा अलहम्दुलिल्लाह नीट पार पडला. मक्केहून हरमैन रेल्वेने तासाभराच्या आत जेद्दा. स्टेशनवर मुलाचे मामू न्यायला आले होते. एकोणीस वर्षे ते इथल्या एका गोदामात नोकरी करतात. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आम्हाला जुन्या शहरात, अल-बलदमध्ये नेले. प्रवाळाच्या दगडांची उंच घरे, त्यांना नक्षीदार लाकडी सज्जे. 2014 पासून हा भाग जागतिक वारशाच्या यादीत आहे. नसीफ घराण्याच्या हवेलीसमोर चक्क कडुनिंबाचे मोठे झाड दिसले. जुन्या जेद्दात बराच काळ हे एकच झाड होते म्हणतात. रात्री नऊ वाजताही हवा अशी दमट की मे महिन्यातले कोकण बरे वाटावे. दादीजानसाठी तस्बीह घेतली आणि घरी परतलो.

स्पर्धा ग्रीन हॉल्समध्ये, 21 ते 26 जुलै. खेळाडू 128. पहिल्या फेऱ्यांत दोनदा हरला की घरी. 64 उरल्यावर मात्र एकच हार पुरे. बक्षिसे एकूण 10 लाख डॉलरची, त्यातले अडीच लाख विजेत्याला. आत शिरलो तेव्हा कितीतरी टेबलांवर एकदम खेळ चालू होता, आणि आवाज फक्त बॉलवर बॉल आपटण्याचा. आमच्या मुलाने खालच्या आवाजात विचारले, "इथे कुणी बोलत का नाही?"

ज्याने कॅरम खेळला आहे त्याला हा खेळ पाच मिनिटांत कळतो. टेबल 9 फूट लांब, भोके सहा. बॉलवर 1 ते 9 आकडे. पांढरा बॉल म्हणजे आपला स्ट्रायकर. त्याने टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याला आधी लागले पाहिजे, आणि 9 नियमाने भोकात गेला की डाव संपला. पण एक मोठा फरक आहे. स्ट्रायकर आपण दर वेळी उचलून आपल्या रेषेवर ठेवतो. इथे पांढरा बॉल जिथे थांबला तिथूनच पुढचा फटका. म्हणजे बॉल भोकात घालणे हे अर्धेच काम; तो घालताना पांढरा कुठे जाऊन थांबेल याची सोय आधी करावी लागते. चुकून नियम मोडला, तर समोरचा पांढरा उचलून हवा तिथे ठेवतो, आणि मग बहुधा डाव गेलाच.

आम्हाला खेळण्याहून जास्त लक्षात राहिले ते बसणे. एक जण खेळत असेल तोवर दुसऱ्याने खुर्चीत गप्प बसायचे. समोरच्याने एकही संधी दिली नाही तर डावामागून डाव नुसते पाहत राहायचे. कुणी काठी पुसतो, कुणी पाण्याचा घोट घेतो, चेहरा मात्र हलत नाही. मगरीबला आम्ही उठलो तेव्हा एक तरुण असा बसला होता. परतलो तर सामना संपून खुर्ची रिकामी झालेली. मुलाने त्या खुर्चीकडे बराच वेळ पाहिले. क्लबात हरले की पोरे पैशांवरून भांडतात, हे त्याने त्या रात्री आपणहून सांगितले. आम्ही विचारले नव्हते.

26 तारखेची अंतिम लढत गतविजेता फेडोर गोर्स्ट आणि फिलिपिन्सचा कार्लो बियाडो यांच्यात. गोर्स्ट मॉस्कोत जन्मलेला, आता अमेरिकेकडून खेळतो. 2024 ला इथेच तो 15-14 ने जिंकला होता. बियाडो 41 वर्षांचा, 2017 मध्ये दोहात जगज्जेता झालेला. आमच्या आजूबाजूला सगळे फिलिपिनो : नर्स, ड्रायव्हर, दुकानांत काम करणारे, काही अंगावरच्या युनिफॉर्मसकट. मामूंच्या गोदामातला एक सोबतीही होता. दोन वर्षे घरी गेला नव्हता. मामूंनी आमची ओळख करून दिली तेव्हा तो म्हणाला, "आमच्या गल्लीतही टेबल आहे, छपराखाली."

आमच्या डाव्या हाताला बसलेल्या बाईंनी तर डोळेच मिटून घेतले होते. गुण जवळजवळ चालले होते आणि कोण जिंकेल ते शेवटपर्यंत सांगता येईना. मामू, ज्यांना कॅरमखेरीज कुठल्या खेळात रस नाही, तेही पुढे सरकून बसले होते. बियाडो 15-13 ने जिंकला आणि ती सगळी माणसे एकदम उभी राहिली. कितीतरी जण रडत होते. परदेशात राबणाऱ्या माणसाला आपल्या गावचा कुणी जिंकताना पाहणे काय असते, ते आम्हाला सांगायची गरज नव्हती. कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस आखातात आहे.

बाहेर गाडीत बसल्यावर मुलाशी बोलणे झाले. रविवारी दुपारी दोन तास, असरच्या आत घरी, टेबलाचे पैसे आधी निम्मे-निम्मे भरायचे, पैज नाही. तो लगेच कबूल झाला. दादीजानची परवानगी त्याची त्याने मिळवायची.

मामूंचा सोबती मागच्या सीटवर होता. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे तिथे आठवड्याच्या कामाचा पहिला दिवस, आणि त्याची ड्युटी सकाळी सहाची. त्याने घरी फोन लावला. तिकडे घड्याळ पाच तास पुढे, म्हणजे पहाट व्हायची होती. पलीकडून झोपेतला बाईचा आवाज आला, मग एका मुलाचा, मग बरीच माणसे एकदम बोलू लागली. मामूंनी गाडीचा रेडिओ बंद केला.