गोदाकाठची मितभाषी

गाथासप्तशतीची ओळख आपल्याकडे परीक्षेपुरती होते. संकलक कोण? हाल सातवाहन. भाषा कोणती? महाराष्ट्री प्राकृत. विषय? शृंगार. तीन उत्तरं लिहिली की बाई फळीवर परत. वयाने दोन हजार वर्षांच्या घरातली, गोदावरीच्या पाण्यावर वाढलेली, मराठीच्या पणजीच्या नात्याची अशी ही व्यक्ती आपल्याच घरात एवढ्यावर निकालात निघावी, याचं मला फार वाईट वाटतं. शिवाय ती तीन उत्तरंही पुरती खरी नाहीत. शृंगार तिच्याकडे भरपूर आहे, पण तिच्याजवळ थोडं बसलं की कळतं, ती खरी ओळखली जाते तिच्या नजरेवरून. आणि पाहिलेल्यातलं निम्मंच बोलायच्या सवयीवरून.

दिसायला ती लहानखुरी. एक गाथा म्हणजे दोनच ओळी. पहिल्या ओळीत ३० मात्रा, दुसरीत २७. वृत्त तेच, ज्याला संस्कृतवाले आर्या म्हणतात. दुसरी ओळ तीन मात्रांनी आखूड, आणि हा आखूडपणा पार तिच्या स्वभावात मुरलेला. आपण अजून ऐकण्याच्या तयारीत असतो तोवर ती बोलून उठलेली असते. आरंभही तसाच, प्रास्ताविक नाही. कुणीतरी मामीला काही सांगतंय, कुणी सासूला, कुणी मैत्रिणीला. आपण दारातून आत यावं आणि बोलणं अर्ध्यावर कानावर पडावं, तसं. कोण बोलतंय, का बोलतंय, ऐकणारीने पुढे काय केलं, हे आपलं आपण जुळवायचं.

कपाळावर राजाचं नाव असलं तरी राजवाडा तिला मानवत नाही. तिची माणसं म्हणजे नांगर धरणारे, व्याध, गावच्या मुखियाची लेक, शेताची राखण करणारी पोर, परगावी गेलेला नवरा आणि त्याच्यामागे घर धरून बसलेली बायको. हे सातवाहन राजघराणं मुकं नव्हतं. नाणेघाटाच्या लेण्यात राणी नागनिकेचा प्राकृत लेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी दिली, याचे आकडे तिथे दगडात कोरून ठेवलेत. त्याच सातवाहनांच्या नावावर असलेल्या या संग्रहात मात्र एका दरिद्री घरातली गरोदर बाई आहे. नवरा पुन्हा पुन्हा विचारतो, तुला काय खावंसं वाटतं? ती दर वेळी एकच सांगते : पाणी. गाथा तिथेच संपते. नवऱ्याच्या जिवाला घोर नको, एवढंच कवी सांगतो; घरात काय आहे नि काय नाही, तिने डोहाळे कसे गिळले, यावर त्याने एक शब्दही खर्चलेला नाही. नाणेघाटातल्या आकड्यांनी मी दिपून जाते. ही एक गाथा मात्र वर्षानुवर्षं सोबत राहिली आहे.

प्रेमाबद्दलही ती अशीच बोलते. उन्हाची वेळ, पाणपोई. वाटसरू ओंजळ तोंडाशी धरतो, पण डोळे वर, पाणी वाढणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर. मग तो बोटं जरा विरळ करतो. पाणी फटींतून खाली जातं, ओंजळ भरत नाही, पिणं लांबतं. हे बाईच्या ध्यानात येतं, आणि ती काय करते? धार बारीक करते. एवढंच. नाव नाही, गाव नाही, लाडिक संवाद नाही. दोन माणसांनी एकमेकांना वेळ दिला, आणि तोही पाण्याच्या हिशेबात. इतकी नेमकी प्रेमकविता आपल्या भाषेच्या इतिहासात इतक्या आधी होऊन गेली, हे शाळेतल्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

तिचा निसर्ग तिच्या माणसांच्या उपयोगाचा असतो. कापसाचं शेत, तागाचं शेत, उसाचा फड, भाताची खाचरं, विंध्याचं रान, रेवेचं नि गोदेचं पात्र. पीक वाढतं तशी भेटायला जागा होते, कापणी झाली की जागा जाते. नांगरणीच्या मुहूर्तावर नांगराची पूजा करताना एकीचे हात थरथरतात, कारण या शेतात कापूस कमरेएवढा झाला की तिथे कोण भेटणार ते तिला आधीच दिसतंय. हंगाम इथे शोभेला येत नाहीत. त्यांच्यावर कुणाचं तरी सुख टांगलेलं असतं.

म्हणून दुसऱ्या शतकातली मोहाची गाथा मला या संग्रहाचं काळीज वाटते. (सप्तशतीत शंभर-शंभर गाथांचे सात भाग आहेत, प्रत्येकाला शतक म्हणतात.) मोह वेचायला जायचं हे एकीचं निमित्त, रानात तिला कुणी भेटत असे. आता बहर संपला. झाडाखाली शेवटची चार फुलं पडलीत. ती फुलं ती वेचतेय आणि रडतेय. आणि कवी म्हणतो, चितेतून आपल्या माणसाच्या अस्थी वेचाव्यात तशी ती वेचतेय. मोहाचं गळालेलं फूल ज्यांनी हातात घेतलंय त्यांना ते आठवेल : फिकट, मांसल, बोटभरही नाही. रानातल्या त्या पिवळट दाण्यांवर राखेतल्या हाडांची आठवण येऊन पडते, आणि प्रेम, झाड, मरण ही तिन्ही एका वाकलेल्या पाठीत, एका वेचणाऱ्या हातात दिसतात. गावाच्या लेखी ती वाईट चालीची आहे. गाथेतही तिच्यासाठी शब्द तोच आहे. तरी तिच्या रडण्याला जी उपमा दिली ती घरच्या माणसाच्या मरणाची. न्याय करावा तर असा.

मरण तिच्याकडे असंच कामाच्या वेशात येतं. एक शेतकरी आहे. शेतातलं काम उरकलंय, तरी घराकडे वळत नाही. बायको गेलीय आणि रिकामं घर त्याला बघवत नाही. वैराग्याचा उपदेश नाही, देहाच्या नश्वरतेवर प्रवचन नाही. दिवस मावळला तरी माणूस बांधावर का घुटमळतोय, एवढंच तिने हेरलं. सातव्या शतकातले हरीण-हरिणी व्याधाच्या बाणापुढे उभे आहेत, दोघंही एकमेकांना पाठीशी घालू पाहताहेत. व्याधाला गहिवरून येतं आणि डोळ्यांतल्या पाण्याने भिजलेलं धनुष्य तो खाली ठेवतो. मारायचं ज्याचं रोजचं काम, त्याच्याही आतल्या माणसाची तिने दखल घेतली.

पंडितांनी तिच्यावर जीव लावला, हे खरं. बाणभट्टाने हर्षचरिताच्या आरंभी सातवाहनाच्या या सुभाषितकोशाचा गौरव केला. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धन ध्वनीचा सिद्धान्त मांडायला बसला तेव्हा उदाहरणं आणायला त्याला प्राकृत गाथांकडे जावं लागलं. न बोललेलं कसं ऐकू येतं हे दाखवायला हिच्याहून चांगली साक्षीदार कुठे मिळणार? पण टीकाकारांनी तिला त्रासही दिला. कमळाच्या पानावर निश्चल बसलेल्या बगळीची एक गाथा आहे : पाचूच्या ताटलीत शंख ठेवावा तशी ती दिसते. काव्यशास्त्रकार मम्मटाच्या परंपरेने शिकवलं, की बगळी निश्चल म्हणजे जागा निर्जन, निर्जन म्हणजे संकेताला सोयीची. असेलही. पण आधी बगळी बघू द्या. जिथे तिथे संकेतस्थळ हुडकायच्या नादात ते हिरवं पान नि ती पांढरी आकृती हातची जाते.

तिचा वंश लांबवर पसरला. बंगालात लक्ष्मणसेनाच्या दरबारी गोवर्धनाने संस्कृतात आर्यासप्तशती लिहिली. पुढे ब्रजभाषेत बिहारीची सतसई झाली. बिहारीचा आश्रयदाता मिर्झाराजे जयसिंग, म्हणजे १६६५च्या पुरंदर तहातला तोच. इकडे मराठीला तो ठाऊक तहामुळे, आणि ज्या काव्यप्रकाराचं त्याच्या दरबारात कौतुक चाललं होतं तो निघाला होता मात्र गोदावरीच्या खोऱ्यातून.

वय विचारलंत तर ती एक उत्तर देत नाही. हालाने कोटी गाथांतून सातशे निवडल्या, असं आरंभीच सांगितलेलं आहे. पण हस्तलिखितं एकमेकांशी जुळत नाहीत. आल्ब्रेख्ट वेबर या जर्मन पंडिताने १८७० साली आणि मग १८८१ साली तिला छापून आणलं, तेव्हा सगळ्या पाठांतल्या मिळून गाथा भरल्या ९६४. सर्व पाठांत समान अशा जेमतेम ४३०. बाकीच्या पुढच्या शतकांत येत-जात राहिल्या असाव्यात. मला यात उणेपण दिसत नाही. लोक जिच्याजवळ आपलं बोलणं ठेवून जातात तिचं असंच होणार. आणि ठेवून जाणाऱ्यांत बायकाही होत्या. परंपरेने काही गाथांपुढे कवींची नावं जपलीत, त्यांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, शशिप्रभा ही नावं आहेत. त्यांच्याविषयी आपल्या हाती नावापलीकडे फारसं काही नाही.

मराठीत तिला भेटायचं तर स. आ. जोगळेकरांची १९५६ची ‘हाल सातवाहनाची गाथासप्तशती’ शोधावी. जुन्या ग्रंथालयात मागितली की सहसा निघते. विस्तृत प्रस्तावनेसकट जाड पुस्तक आहे, पण प्रस्तावना नंतर वाचली तरी चालेल. शृंगाराच्या कुतूहलाने कुणी उघडलं तरी माझी हरकत नाही. फक्त सलग वाचू नये. दहा गाथांनंतर जीभ बोथटते. मधूनच कुठलंही पान काढावं, दोन ओळी वाचाव्यात, आणि टीकेकडे नजर जायच्या आत स्वतःलाच विचारावं : हे कोण बोलतंय, आणि कुणाला?