आधी मूठ, मग भाकरी

नगर, राहुरी, वडाळा, शेवगाव, जालना या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत ज्यांचं बालपण पन्नास ते सत्तरच्या दशकांत गेलं, त्यांना पिठाच्या डब्याशेजारचा तो दुसरा, लहान डबा आठवत असेल. कुणाकडे डालड्याचा रिकामा डबा असायचा, कुणाकडे तोंडाला फडकं बांधलेलं मडकं. परातीत पीठ घेतलं की आई किंवा आजी त्यातली एक मूठ उचलून त्या डब्यात टाकायची आणि मगच पाण्याच्या तांब्याला हात लावायची. घरात पाहुणे असोत, पगार लांबलेला असो, मूठ चुकत नसे. शनिवारी महिला मंडळातल्या बाया पिशव्या घेऊन दारोदार फिरायच्या, ज्वारीचं पीठ एका पिशवीत, बाजरीचं दुसऱ्या. ते कुणाच्या घरी जाणार हे आम्हा मुलांना कधीच सांगितलं जात नसे. विचारलं तर एकच उत्तर, "ते तुझं काम नाही." उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये ही येशूची शिकवण आम्ही रविवारच्या शाळेत नंतर ऐकली. स्वयंपाकघरात ती त्याआधीच अंगवळणी पडली होती.

रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना व्हायची. वडील बायबल वाचत आणि प्रार्थना बहुधा आजी करी. तिची प्रार्थना लांबलचक असे, कारण तीत सगळ्या आळीची नावं येत. कुणाचा ताप, कुणाची अडलेली बाळंतीण, कुणाचा दारू पिणारा मुलगा. घरासाठी मात्र ती फक्त आजची भाकर मागायची. "उद्याची उद्या मागू," म्हणायची. तिची आवडती गोष्ट सारफथच्या विधवेची. दुष्काळ पडलाय, मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडंसं तेल उरलंय, आपण नि मुलगा शेवटचं खाऊन मरू असं ती बाई म्हणतेय आणि गावच्या वेशीत भेटलेला एलीया संदेष्टा म्हणतो, आधी मला भाकर करून दे. लहानपणी आम्हाला या एलीयाचा भयंकर राग यायचा. पोराच्या तोंडचा घास मागतो! आजी शांतपणे सांगायची, "तिनं आधी दिलं, म्हणून तिला पुढचं दिसलं." याचा अर्थ कळायला आम्हाला पुष्कळ वर्षं लागली.

घरं पैशांनी मोठी नव्हती. कुणाचे वडील मिशन शाळेत मास्तर, कुणाचे दवाखान्यात कंपाउंडर, कुणाची आई परिचारिका, कुणाची आजी गावोगाव फिरणारी बायबलबाई. पगार हातात आला की पहिल्यांदा चर्चसाठीचा दशमांश पाकिटात जाई. त्यानंतर किराणा, फी, दूधवाला. या क्रमावरून घरात कुरबूर होत नसे असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नव्हे. हिशेबाची वही आईकडे असे आणि शेवटच्या आठवड्यात डाळ पातळ होत चाललेली तिलाच दिसे. सर्वांना वाढून झाल्यावर तव्यावरची शेवटची भाकरी कधी तिच्या वाट्याला येई, कधी येत नसे. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं आहे त्यांना हे नवीन नाही. त्यांचे पती रेव्हरंड टिळक हातातलं असेल ते देऊन मोकळे होत आणि चूल पेटती ठेवायचं काम लक्ष्मीबाईंचं. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि देव देईल त्यावर राहायचं ठरवलं. त्या निर्णयाचा अर्धा भार घरातल्या बाईनं उचलला होता. आमच्या आया-आज्यांचा विश्वासही असाच, हिशेब ठाऊक असलेला विश्वास होता. म्हणून मला तो जास्त मोलाचा वाटतो.

नगरात राहणाऱ्या घरांना आणखी एक काम असे, ते म्हणजे दवाखान्याचे पाहुणे. मुक्तिफौजेच्या बूथ हॉस्पिटलात खेड्यांवरून रोगी येत. रोग्याला खाट मिळे, पण त्याच्याबरोबर आलेल्या माणसांनी कुठं जायचं? पाळक चिठ्ठी देत, किंवा गावची कुणीतरी ओळख निघे, आणि ती माणसं आमच्या व्हरांड्यात पथारी टाकत. आल्याआल्या "सलाम, बाई" म्हणत, संकोचानं कोपऱ्यात बसत. आजी त्यांच्या हातात पहिल्यांदा पाण्याचा तांब्या देई, मग चहा, आणि "रोगी कसा आहे" हे जेवणानंतर विचारी. उपाशी माणसाला आधी प्रश्न विचारू नये असा तिचा नियम होता. ती माणसं ख्रिस्ती आहेत का, हेही कुणी विचारत नसे. कितीतरी मराठा, धनगर, वंजारी कुटुंबं आमच्या घरी राहून गेली. रोग्यासाठी पेज, नातेवाइकांसाठी भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा असा डबा रोज शाळेच्या वाटेवर आम्ही पोहोचवायचो. कधी रोगी वाचायचा, कधी नाही. नाही वाचला तर वडील बैलगाडीची किंवा एसटीची व्यवस्था करून द्यायचे आणि त्या रात्री घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

एका वर्षी वडिलांचा पगार लागोपाठ दोन महिने थकला. दुकानदारानं उधारी थांबवली. या महिन्यात दशमांश राहू द्या, असं आई म्हणाली. वडील काहीच बोलले नाहीत. आजीनं नेहमीप्रमाणे पिठाची मूठ काढली. दोन-तीन दिवसांनी दारात बैलगाडी उभी राहिली. राहुरीकडचा एक शेतकरी, ज्याची बायको काही वर्षांपूर्वी आमच्या व्हरांड्यात राहून बरी झाली होती, अर्धं पोतं ज्वारी नि लसणाच्या गड्ड्या घेऊन आला होता. त्याला आमच्या अडचणीची काही खबर नव्हती. सुगी चांगली झाली, म्हणून आलो, एवढंच तो म्हणाला. याला योगायोग म्हणता येईल, आमच्या घरात कुणी म्हटलं नाही. ज्वारी माणसानंच आणली हे आजीलाही दिसत होतं. "पण आजच निघायचं हे त्याच्या मनात कुणी घातलं?" हा तिचा प्रश्न होता, आणि तो मला अजून पटतो.

या सगळ्याची मुळं आमच्या आज्यांच्या आयांपर्यंत जातात. आमच्यातल्या कितीतरी घराण्यांची सुरुवात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झाली. १८९६च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. रमाबाईंनी स्वतः तरुणपणी दक्षिणेतल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती, झाडपाला खाऊन दिवस काढले होते. भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पुण्यातल्या त्यांच्या शाळेत प्लेगमुळे इतक्या जणींना ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. अमेरिकेतल्या एका संस्थेनं रमाबाईंना १० वर्षं मदत करण्याचं वचन दिलं होतं, ती मुदत १८९८ साली संपली. पुढे १९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि मुक्तीत जेवणाऱ्यांची संख्या २,०००च्या घरात गेली. ठरलेलं उत्पन्न कुठलंच नाही. ब्रिस्टलमध्ये अनाथालयं चालवणारे जॉर्ज म्यूलर कुणापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेवर हजारो मुलं सांभाळत होते. त्यांची हकिगत वाचून आपल्याला धीर आला, असं रमाबाईंनी लिहून ठेवलं आहे.

पण त्या गुडघे टेकून नुसत्या बसल्या नाहीत, हे सांगायला हवं. मुक्तीत विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, हातमाग चालले, छापखाना निघाला. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात मुलींनी छापलं. १९२२ साली बाई गेल्या, तोवर ते भाषांतर पुरं झालं होतं. आमच्या पणज्या ही कामं शिकून बाहेर पडल्या आणि नगर-सोलापूरकडे संसाराला लागल्या.

त्यांना पुढे आयुष्यभर एक टोमणा ऐकावा लागला: पोटासाठी बाटल्या. आजीच्या कानावरही तो यायचा. तिनं त्यावर कधी वाद घातला नाही. "आईला कुणीतरी जेवू घातलं म्हणून मी आहे," एवढंच ती म्हणे आणि पुन्हा चुलीकडे वळे. मला वाटतं, आमच्या घरांतल्या देण्याचं सगळं कारण या एका वाक्यात आहे. ज्यांना एकदा मरणाच्या दारातून कुणी भरवून परत आणलं, त्यांना देव उद्याचं बघेल हे शिकवावं लागत नाही. आणि दारातल्या उपाशी माणसाला त्याची जातही त्या विचारू शकत नाहीत.

१९७२च्या दुष्काळात हे पुन्हा दिसलं. ज्वारी मिळेना, रेशनवर परदेशातला लाल मिलो आला. त्याची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशात अडके. माणसं खडी फोडायला जात, मुलांना सुकडी मिळे. आमच्या आवारातल्या विहिरीला थोडं पाणी होतं. मंडळीनं ठरवलं, विहीर सगळ्या वस्तीला खुली, दर घराला दोन हंडे, आमच्या घरांनाही दोनच. मुठीच्या डब्यात त्या वर्षी मिलोचं पीठ पडत होतं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि हंगामाच्या सणाला चर्च पुन्हा भरलं. वेदीपुढे कणसं, भोपळे, मेथीच्या जुड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासनेनंतर लिलाव. एक अंडं कुणी पाच रुपयांना घेई आणि पुन्हा लिलावात ठेवी, मग दुसरा घेई, तोही परत ठेवी. एका म्हाताऱ्या विधवेनं परसातला एकच दोडका आणला होता. तो सगळ्यांत महाग गेला, आणि ज्यानं घेतला त्यानं तो धान्यासकट तिच्याच घरी पोहोचवला.

आजी आता नाही. केडगावचं मुक्ती मिशन मात्र अजून चालू आहे आणि निराधार बायका-मुलांना तिथं आजही आसरा मिळतो. आपल्या गावांतल्या मोठ्या दवाखान्यांबाहेर खेड्यांवरून आलेली माणसं आजही पायऱ्यांवर, फुटपाथवर झोपतात. ज्यांच्या घरात एक जादा भाकरी भाजली जाऊ शकते त्यांनी या आठवड्यात तिकडे एक डबा न्यावा. आधी जेवू घालावं, चौकशी नंतर करावी.